आम्ही समुद्रात गळ टाकतो!

सोलापूरच्या माणसाने समुद्राच्या गोष्टी सांगू नयेत असा काही नियम नाही. पण तो सांगू लागला की ऐकणारा आधी गालात हसतो, एवढे मात्र खरे. आमचा समुद्र म्हणजे उजनीचे धरण. मासा म्हणजे रोहू, कटला, नाही तर चिलापी. आणि लाटा पाहायच्या असतील तर त्या ज्वारीच्या रानात, पौषातल्या वाऱ्यावर!

तरीही गेल्या दिवाळीत आम्ही दोघा भावांनी समुद्रावर मासेमारीला जाण्याचा घाट घातला, आणि तोही चिंचोळीच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या एका कारखान्याच्या फाटकासमोरील चहाच्या टपरीवर बसून. माझा धाकटा भाऊ त्या कारखान्यात मागांवर आहे. तीन पाळ्यांचे काम. हा आठवडा दिवसपाळी, पुढचा रातपाळी. त्याला घड्याळाखेरीज दुसरे दैवत नाही. मात्र सुटीच्या दिवशी तो सीनेच्या काठी, तिऱ्ह्याच्या पुलाच्या अंगाला, वेळूची काठी आणि डब्यात गांडुळे घेऊन बसतो. घरी येतो तेव्हा पिशवीत कधी मासा असतो, कधी नुसताच उत्साह. त्याच्या अकरा वर्षांच्या चिरंजीवाला त्याने वचन देऊन ठेवले होते, “या दिवाळीला तुला समुद्रातला मासा धरून दाखवतो.”

भाऊबीज झाल्यावर तीन दिवसांची रजा. तीही दोन पाळ्या अदलाबदल करून, एका सोबत्याचे उपकार घेऊन मिळालेली. बिलाच्या पाठकोऱ्या कागदावर भावाने कार्यक्रम आखला. पंचमीला सकाळी निवतीला पोहोचणे. षष्ठीला सकाळी नऊला नाश्ता, दहाला खडकावर हजर, एकला तिथेच जेवण (चपात्या, शेंगाचटणी, दही), चारला परत. कारखान्याच्या वेळापत्रकातसुद्धा एवढी शिस्त नसेल.

“दादा, हवामान पाहिलंय मी फोनवर,” तो म्हणाला. “तिन्ही दिवस सूर्याचं चित्र आहे. काही काळजी नाही.”

मी मराठीचा प्राध्यापक. समुद्राविषयी माझे ज्ञान कवितांपुरते. मी मान डोलावली.

निवती हे वेंगुर्ले तालुक्यातले कोळ्यांचे गाव. मिरज-कोल्हापूर मागे टाकून, फोंडा घाट रात्री उतरून, कुडाळवरून परुळ्याच्या वाटेने आम्ही दोन कुटुंबे तिथे पोहोचलो तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. सौ.नी समुद्र पाहताच चपला हातात घेतल्या. चिरंजीवांनी मात्र पाण्याकडे न पाहता आधी किनाऱ्याच्या टोकाचे काळे-पिवळे खडक पाहिले. त्यांतला एक सपाट, पाटासारखा. “बाबा, आपण तिथंच बसायचं ना?” जागा तत्काळ मुक्रर झाली.

ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या काकांनी दुपारी आमची आयुधे पाहिली. वेळूची काठी त्यांनी आदराने बाजूला ठेवली. गांडुळांच्या डब्याचे झाकण उघडून पुन्हा लावले. गांडूळ खाऱ्या पाण्यात टिकत नाही आणि कणकेचा गोळा लाटेत विरघळून जातो, हे आम्हांला तेव्हा कळले. इकडे गळाला गरी म्हणतात आणि गळाने मासे धरण्याला गरवणे. त्याला लागते जाड तंगूस, ओढीत तळ धरून राहील असे शिसे आणि आमिषाला ताजी कोळंबी. इथवर ठीक होते. मग भावाने अभिमानाने कार्यक्रमाचा कागद पुढे केला.

काकांनी तो दोनदा वाचला.

“मास्तरांनु,” कागद भावाचा असला तरी ते मलाच म्हणाले, “दहाक जाशात तेवा खडक मोकळो गावतलो. चाराक परतताना तो खडक खंय असतलो?”

आणि त्यांनी खुंटीवरचे पंचांग काढले. वाचकहो, ते दाते पंचांग होते! आमच्या सोलापुरात तयार होणारे, शंभराहून अधिक वर्षे महाराष्ट्राच्या घरोघरी जाणारे. “ह्या तुमच्याच गावचा,” काका म्हणाले. आम्ही त्यात मुंजी पाहतो, लग्ने पाहतो, क्वचित ग्रहण पाहतो. हे गृहस्थ त्यात समुद्र पाहत होते!

रीत अगदी सोपी. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ निघते. पंचमी म्हणजे पाच पाऊणे पावणेचार. षष्ठी म्हणजे साडेचार. अष्टमीला सहा. त्याच्या आधी सहा-सव्वासहा तास ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो, पण कोकणच्या किनाऱ्यावर हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा डोक्यावर येतो आणि त्याच्यामागून भरतीही तेवढीच सरकते. पाऊणपटीचे मूळ हे. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र आणि सूर्य एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाण. अष्टमीच्या सुमारास त्यांची ओढ काटकोनात येते, तेव्हा भांगाची बेताची भरती. हल्ली भरतीच्या वेळा फोनवरही मिळतात. भावाने सूर्याचे चित्र पाहिले होते, हे पान उघडलेच नव्हते.

आता आमचा कागद पुन्हा पाहा. दहा ते चार! ऐन ओहोटीला खडकावर चढायचे, मध्ये जेवायचे आणि भरती पुरी होत आली की उतरायचे. मुद्दाम ठरवले असते तरी इतके अचूक चुकले नसते.

भावाला ते पटले नाही. सीनेत पाणी वाढते ते पावसाने, दिसत दिसत वाढते. “आकाश निरभ्र आहे, काका. पाणी येऊन येऊन किती येणार?” काकांनी वाद घातला नाही. पावणेचारला ते चपला घालून उठले आणि म्हणाले, चला.

सकाळचा तो पाटासारखा खडक तिथे नव्हता. त्याच्या जागी पाणी फेसाळून उठत होते, खाली बसत होते. खडकाकडे जाणारी, सकाळी पाय न भिजवता ओलांडता आली असती अशी घळ आता माणसाच्या छातीएवढी भरली होती आणि पाणी तिच्यातून आत-बाहेर ओढ घेत होते. हे चतकोर चंद्राच्या दिवसांतले. उधाण अजून दूर. भाऊ काही बोलला नाही. त्याने मुलाचे मनगट धरले होते. परत घरी येईपर्यंत ते सोडले नाही. पोरगा “बाबा, दुखतंय” म्हणाला तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आले.

त्या रात्री चिंचोळीचा कागद कुणी काढला नाही. काकांनी एका तांडेलाला निरोप धाडला. सकाळी भावाने त्याला विचारले, “किती वाजता निघायचं?” तांडेल म्हणाला, “वारो बघून सांगतंय.” पाळीचा भोंगा ऐकून वाढलेल्या माणसाला हे उत्तर किती जड जाते ते मी पाहिले. दहा वाजले, अकरा वाजले. रजेचा दुसरा दिवस सरत होता. साडेबाराला निरोप आला.

तांडेलाने होडी भर समुद्रात नेलीच नाही. भोगव्याच्या अंगाने कर्लीच्या खाडीत, मुखापासून बरेच आत. नदी, समुद्र आणि भरती एकमेकांत शिरतात तिथे ओढ फार, म्हणून. ओहोटीला याच खाडीत होडी वाळूत बसते. वाढत्या पाण्यात निघून भरल्या पाण्यात परतायचे, असा त्याचा हिशेब. पोहण्याची जाकिटे घातल्याशिवाय त्याने वल्ह्याला हात लावला नाही. माझ्या जाकिटाचा पट्टा पोटावर पुरेना, ही गोष्ट सौ.नी नंतर सोलापूरभर केली.

पहिला तास तंगूस बोटावर धरून बसण्यात गेला. मला मळमळू लागले आणि मी क्षितिजाकडे पाहत बसलो. तेवढ्यात भावाच्या बोटाला हिसका बसला! त्याने ओढले, ओढले, आणि मिशावाला, करड्या रंगाचा मासा होडीत येऊन पडला. पोरगा झेपावला. “हात लावू नको रे! काटो मारतलो,” तांडेल ओरडला. ती शेंगटी होती. तिच्या पाठीवरचा आणि पंखांजवळचा काटा विखारी असतो. तांडेलाने फडक्यात धरून गरी सोडवली. त्यानंतर पोराने स्वतः एक वीतभर तांबोशी काढली. तिचा तांबूस रंग उन्हात चमकला आणि तो पाच मिनिटे बोललाच नाही. एकूण मासे चार. साडेचारला आम्ही काठाला लागलो.

सातव्या दिवशी सप्तमी, आणि रजा संपली.

परवा भावाचा फोन आला. मागांचा खडखडाट मागे चालू होता. मे महिन्यात पुन्हा जायचे म्हणतो. जूनच्या १ तारखेपासून पावसाळी मासेमारीबंदी लागते, त्याच्या आधी. रजेचा अर्ज समोर आहे, पण तारीख लिहायची राहिली आहे.

“दादा,” तो म्हणाला, “घरात पंचांग आहे ना? वैशाखातली अष्टमी कधी ते बघ जरा. मी धरतो फोन.”