‘वजन उचलू नका’ म्हणणाऱ्यांनो, थांबा

२० ऑक्टोबर हा जागतिक ऑस्टिओपोरोसिस दिन. हा दिवस आला की टाच यंत्रात ठेवून हाडं तपासायची मोफत शिबिरं लागतात, कॅल्शियमच्या गोळ्या हातात पडतात आणि साठीच्या बाईला वर एक सल्ला मिळतो: आता वजन उचलायचं नाही. गोळ्यांबद्दल माझी तक्रार नाही. भांडण आहे ते या सल्ल्याशी.

हाड जिवंत असतं. भार पडला, स्नायूनं ओढलं की ते नव्यानं भरत राहतं; भार गेला की झिजतं. अंतराळात राहणाऱ्या तरण्याबांड अंतराळवीराचंही खुब्याचं हाड महिन्याला टक्काभर, कधी जास्तच कमी होतं. आणि आपण आजीला पलंगावर बसवून म्हणतो, ‘तू फक्त आराम कर.’

ऑस्ट्रेलियाच्या ग्रिफिथ विद्यापीठातल्या बेलिंडा बेक यांनी नेमकं उलट करून पाहिलं. पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या १०१ बाया. त्यांतल्या निम्म्या जणींना आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास चक्क जड वजनं उचलायला लावली. सुरुवात हलकी, डोळ्यांसमोर प्रशिक्षक. उरलेल्या, घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची कमरेच्या मणक्यांची घनता १.२ टक्क्यांनी घटली, वजन उचलणाऱ्यांची २.९ टक्क्यांनी वाढली. दुखापत? एकीची पाठ थोडी धरली, बस्स. त्यांतला डेडलिफ्ट म्हणजे तरी काय, भरलेला गुंड पाठ ताठ ठेवून जमिनीवरून उचलणं! आपल्या आज्यांनी जन्मभर तेच केलं.

आमच्या अमरावतीत तर १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं आहे. इथली पोरं १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकमध्ये देशी खेळ दाखवून आली. अशा गावात आठवड्यातल्या दोन सकाळी आज्यांसाठी का नसाव्यात?

मात्र वाकण्याची गोष्ट वेगळी. १९८४ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या अभ्यासात पुढे वाकायचे व्यायाम करणाऱ्या ८९ टक्के जणींच्या मणक्यांत नवी मोड सापडली, पाठ मागे ताणणाऱ्यांत १६ टक्के. गट लहान होते, पण आकडा डोक्यातून जात नाही. म्हणून हाडं ठिसूळ असतील तर पश्चिमोत्तानासन नको, सूर्यनमस्कारातलं पादहस्तासनही नको. कापूस वेचणीचंही तेच. ‘दिवसभर वावरात राबते, तिला कशाचा व्यायाम?’ असं म्हणणाऱ्यांनी हेही पाहावं, की त्या राबण्यात तिची पाठ बहुतेक वेळ वाकलेलीच असते.

हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली आला असेल, मणका आधी मोडला असेल, तर घरच्या घरी प्रयोग करू नका. रिपोर्ट घेऊन फिजिओथेरपिस्टकडे जा. फक्त तिथं ‘वजन उचलू का?’ असं विचारू नका. ‘किती किलोपासून सुरू करू?’ असं विचारा.