ग्रामीण समुदायाच्या आरोग्यविषयक गरजांचे मूल्यमापन : दिघोरी परिसराच्या संदर्भात

राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात दत्तक गावाचे आरोग्य सर्वेक्षण करण्याची प्रथा महाविद्यालयांत रूढ आहे. प्रश्नावली महाविद्यालयात तयार होते, विद्यार्थी ती घरोघरी भरून आणतात आणि अहवालात टक्केवारी मांडली जाते. यातून आकडे मिळतात; गरज कळतेच असे नाही.

जोनाथन ब्रॅडशॉ यांनी 1972 मध्ये गरजेचे चार प्रकार सांगितले : तज्ज्ञांनी ठरविलेली, लोकांना जाणवलेली, सेवेची मागणी करून व्यक्त झालेली आणि इतरांच्या तुलनेत दिसून येणारी. या चारही गरजा एकमेकींशी जुळतीलच असे नाही. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांना याचा प्रत्यय दोन्ही बाजूंनी आला. सिकलसेलचा प्रादुर्भाव त्यांनी अभ्यासाने दाखविला, परंतु आदिवासींना तो आपला अग्रक्रमाचा प्रश्न वाटला नाही. उलटपक्षी, दोन खेड्यांतील 650 स्त्रियांच्या 1989 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे 55 टक्के स्त्रियांनीच तक्रार सांगितली. तपासणीत मात्र 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. केवळ विचारणे पुरेसे नाही आणि केवळ तपासणेही पुरेसे नाही, हे येथे स्पष्ट होते.

लाखांदूर तालुक्यातील दिघोरी (मोठी) व आसपासचा परिसर धानाचा आणि मामा तलावांचा. येथे सर्वेक्षणाची वेळ हाच पहिला प्रश्न ठरतो. पावसाळ्यात रोवणी सुरू असता दुपारी घरी म्हातारी माणसे व मुले तेवढी भेटतात. दिवसभर चिखलात उभ्या राहणाऱ्या स्त्रिया नोंदीबाहेर राहतात. हिवाळी शिबिरात त्या भेटतील, पण तापाचा हंगाम तोवर ओसरलेला असतो. हत्तीरोगाच्या बाबतीत तर वेळेची चूक निर्णायक होते. भंडारा हा या रोगाचा प्रादुर्भाव असलेला जिल्हा. रोगाचे सूक्ष्म जंतू रक्तप्रवाहात प्रामुख्याने रात्री आढळतात, म्हणून रक्तनमुने रात्रीच घ्यावे लागतात. दिवसा घेतलेल्या नमुन्यांवरून गाव रोगमुक्त ठरविणे सहज शक्य आहे.

दुसरा प्रश्न भाषेचा. हा झाडीबोलीचा मुलूख आहे. 'श्वेतप्रदराचा त्रास आहे काय?' या छापील प्रश्नाला नकारच मिळेल, विशेषतः तो तरुण विद्यार्थ्याने, सासूच्या देखत विचारला तर. तोच प्रश्न ओळखीच्या स्त्रीने एकांतात, 'अंगावरून पांढरे जाते का?' अशा शब्दांत विचारल्यास उत्तराची शक्यता वाढते. अमेरिकेतील स्पॅनिशभाषक वस्त्यांत 'प्रोमोतोरा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, त्याच वस्तीतील स्त्रिया हे काम करतात. आपल्याकडे 2005 नंतर गावोगावी आलेल्या आशा कार्यकर्त्या तेथे पोहोचू शकतात. मात्र प्रश्नावली भरून घेण्यापूर्वी ती तयार करतानाच त्यांना सोबत घ्यावयास हवे. असे क्वचितच घडते.

तिसरी बाब रकान्यांची. हत्तीरोगाची सूज जुनी झाली की सामुदायिक मोहिमेतील गोळ्यांनी ती ओसरत नाही. त्या रुग्णाला पाय रोज साबणाने धुणे, कोरडा ठेवणे, बोटांमधील जखमांची निगा राखणे शिकविणारे कोणीतरी हवे असते. प्रश्नावलीत 'हत्तीरोग : आहे / नाही' एवढाच रकाना असतो, तो पाय घेऊन बांधीत उतरता येते काय, आणि न उतरल्यास घर कशावर चालते, यासाठी रकाना नसतो.