उपाशीपोटी म्हणजे ‘खाली होट्टेयल्ली’

परवा हडपसरला औषधाच्या दुकानात नऊ-दहा वर्षांची एक मुलगी आईसोबत आली होती. दुकानदार म्हणाला, “उपाशीपोटी एक.” ती आईकडे वळून कन्नडमध्ये म्हणाली, “खाली होट्टेयल्ली ओंदु.” आणि लगेच मराठीत, “काका, चहा चालेल का?” हे आईने विचारलंच नव्हतं!

घरच्यांसाठी मुलांनी केलेल्या अशा दुभाषेपणाला अभ्यासक भाषिक मध्यस्थी म्हणतात. (गंभीर आजाराचं निदान मात्र मुलांच्या तोंडून वदवू नये, तिथे मोठा दुभाषाच हवा.) दोन भाषा बोलणाऱ्या माणसाच्या मेंदूत दोन्ही भाषा एकाच वेळी जाग्या असतात, बोलताना एकीला दाबावं लागतं. दगा देतात ते दोन्ही भाषांत सारखे दिसणारे, पण अर्थ वेगळा असलेले शब्द. हिंदीतली ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, ‘यातायात’ म्हणजे वाहतूक. पुण्यात या शेवटच्या शब्दाचे दोन्ही अर्थ चालतात.