डावी पट्टी 25 मिलिमीटर वर बसली, आता काय?

ज्यांना हेडफोन लावायला जमलं नाही, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी अवतार.

तर आमचं घरगुती आर्केड कॅबिनेट. 18 मिलिमीटरचं प्लाय, आत रास्पबेरी पाय, जुना 19 इंची मॉनिटर. शनिवारी भाच्याचा वाढदिवस होता आणि गुरुवारी रात्री कळलं, की जॉयस्टिकची फळी बसतच नाहीये. उजवीकडे टेकली, डावीकडे वर राहिली आणि मधेच तिरकी फसली.

ही फळी दोन्ही बाजूंना आतून ठोकलेल्या 25 बाय 25 मिलिमीटरच्या लाकडी पट्ट्यांवर टेकते. दोन्हीकडे मी एकाच उंचीवर रेघ मारली होती. मापं बरोबर होती. पण उजवी पट्टी रेघेच्या खाली लावली आणि डावी रेघेच्या वर! झाला की बरोब्बर पट्टीच्या जाडीएवढा फरक.

आता इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. पट्टी खाली बसली असती तर काम सोपं होतं. वरून तेवढ्याच जाडीचा तुकडा चिकटवायचा, विषय संपला. वर बसली तर मात्र ती काढावीच लागते, कारण फळीची जागा तिनेच अडवलेली असते.

आणि मी हुशारी करून स्क्रूसोबत फेविकॉलही लावला होता. बाहेरून चित्राचं स्टिकर चिकटवून झालेलं. म्हणजे डावी बाजू बिघडली, तर नवीन प्लाय, नवीन स्टिकर आणि वाढदिवस बोंबलला.

पहिली इच्छा होते पेचकस घुसवून पट्टी उचकटायची. प्लीज, नका करू. पांढरा फेविकॉल नीट सुकला की बरेचदा लाकूडच आधी फाटतं, आणि पट्टीसोबत प्लायचा वरचा पापुद्रा सोलून येतो. गल्लीतले सुतारकाका फोनवर एवढंच म्हणाले, "पट्टी वाचवू नकोस रे, प्लाय वाचव." पट्टीचा तुकडा काय, कुठेही मिळतो.

मग आधी सगळे स्क्रू काढले. करवतीने पट्टीला दर दोन बोटांवर आडवे काप दिले, प्लायच्या अगदी जवळपर्यंत, पण प्लायला न लागता. पटाशीने एकेक ठोकळा थोडा थोडा सोलत नेला. शेवटचा पातळ थर तसाच ठेवला आणि हेअर ड्रायरने गरम केला. गरम झालं की हा गोंद मऊ पडतो, मग पुट्टीची पत्ती आत सरकते. (स्टिकर मागेच आहे हे लक्षात ठेवून ड्रायर एका जागी धरू नका.) उरलेला गोंद पॉलिश पेपरने घासला. सुकलेल्या फेविकॉलवर नवा फेविकॉल धड धरत नाही, कोरं लाकूड दिसलंच पाहिजे.

स्क्रूच्या जुन्या भोकांचं काय? माझी नवी भोकं 25 मिलिमीटर खाली येणार होती, त्यामुळे चिंता नव्हती. पण तुमची चूक दोन-तीन मिलिमीटरचीच असेल, तर नवा स्क्रू घसरून जुन्याच भोकात जातो. तेव्हा भोकात गोंद लावलेल्या टूथपिक ठासून भरा, रात्रभर सुकू द्या, किंवा सरळ भोकं बाजूला सरकवून घ्या.

नवी पट्टी लावताना टेपला हातच लावला नाही. उजव्या पट्टीच्या खालच्या कडेपासून कॅबिनेटच्या तळापर्यंत बसेल अशी एक काठी कापली, तीच डावीकडे उभी केली आणि तिच्यावर पट्टी टेकवली. वाचायला आकडा नाही, म्हणजे चुकायलाही जागा नाही. रेघ मारायचीच असेल, तर पट्टी ज्या बाजूला येणार तिथे फुली मारा.

स्क्रू दीड इंची, म्हणजे 38 मिलिमीटर. त्यातले 25 पट्टीत, 13 प्लायमध्ये. घाईत दोन इंची घेतला असता, तर बाहेरच्या चित्राला नाकातून टोक आलं असतं! आधी बारीक भोक पाडलं, नाहीतर एवढीशी पट्टी चिरते.

या वेळीही गोंद लावला, पण फक्त पट्टीला. वरची फळी नुसत्या स्क्रूवर आहे, बटणांच्या वायरींसाठी ती उघडावी लागणारच. आणि लागलीच. शनिवारी केक कापण्याआधी दुसऱ्या प्लेयरचं उडीचं बटण चालेना.