रॅम ४ जीबी, व्हर्च्युअल मेमरी १२ जीबी. तरी कॉम्प्युटर स्लो का?

पंचवटीतील मार्केट यार्डात गाळा भरला की उरलेले क्रेट मागे ठेवतात. लागले की पुन्हा पुढे आणायचे, त्यात वेळ जातो. कॉम्प्युटरचेही तसेच. गाळा म्हणजे रॅम, मागची जागा म्हणजे डिस्कवरची 'पेजफाइल'.

किती ठेवावी? 'रॅमच्या दीडपट' हा नियम कमी रॅमच्या काळातला. विंडोजचा 'ऑटोमॅटिकली मॅनेज' पर्याय सुरूच ठेवा.

बंद केली तर? रॅम भरताच प्रोग्रॅम बंद पडू शकतात. सेव्ह न केलेले काम जाते.

वाढवली तर वेग वाढतो? नाही. रॅमला नॅनोसेकंद लागतात, हार्ड डिस्कला मिलिसेकंद. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी सतत ९० टक्क्यांपुढे दिसत असेल, तर सेटिंग नव्हे, रॅम वाढवा.