किती चालायचं आणि कुठे थांबायचं

दिवसाला दहा हजार पावलं हा आकडा कुठल्या प्रयोगशाळेतून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र बाजारात आलं, त्याच्या नावातच हा आकडा होता, आणि तो जगभर चिकटला. धडधाकट माणसाचं त्याने काही बिघडत नाही. पण मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे ‘एमएस’ असलेल्या माणसाला फोनने रात्री नऊ वाजता ‘अजून तीन हजार बाकी’ म्हणून टोचावं, हा निव्वळ आगाऊपणा झाला.

या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंवरच्या मायलिनच्या आवरणावर उलटते. आवरण गेलं की संदेश रेंगाळतात, कधी वाटेतच विरतात. बहुतेकांना हे ऐन विशी ते चाळिशीत गाठतं, बायकांना जास्त. त्यात अंग तापलं की संदेश आणखी अडखळतात. श्रम झाल्यावर अशा रुग्णांची नजर तात्पुरती अंधूक होते, हे जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्ये नोंदवलं. ती धास्ती इतकी बसली की पुढे कित्येक दशकं डॉक्टर ‘दगदग नको, पडून राहा’ असंच सांगत राहिले. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी ५४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या व्यायाम करणाऱ्या गटाने १५ आठवडे, आठवड्यातून तीनदा, हातापायांनी सायकलसारखं यंत्र फिरवलं. त्यांचा दमसास वाढला आणि आजार बळावला नाही. तेव्हापासून सल्ला फिरला. कॅनडातल्या मार्गदर्शक सूचना आठवड्यातून दोनदा अर्धा तास मध्यम व्यायाम आणि दोनदा ताकदीचा व्यायाम सांगतात.

खरी पंचाईत मात्रेची आहे. कालचा झेपलेला व्यायाम आज झेपेलच असं नाही. आणि डॉक्टरांसमोर? तिथे रुग्ण जरा ताठ होऊन, उसनं बळ आणून चार पावलं टाकतो. भाजीची पिशवी घेऊन परतताना त्याचं काय होतं, ते डॉक्टरांना दिसत नाही. ते खिशातल्या फोनला कळतं.

फोनमधल्या ॲक्सिलरोमीटरमध्ये सिलिकॉनचा डोळ्यांना न दिसणारा तुकडा बारीक स्प्रिंगांवर तोललेला असतो. फोन हलला की हा तुकडा किंचित मागे रेंगाळतो, आजूबाजूच्या पट्ट्यांपासूनचं त्याचं अंतर बदलतं आणि त्यातून विजेचा संकेत मिळतो. सेकंदाला पन्नास-शंभर नोंदी सहज होतात. फोन कमरेला बांधून चाललं, तर टाच टेकताना दर वेळी आलेखात एक टोक उमटतं. सुरुवातीला टोकं सारख्या अंतराने येतात. पाय थकू लागला की एका बाजूचं टोक बुटकं होतं, मधलं अंतर कमीजास्त होऊ लागतं. पाऊल पुरेसं उचललं जात नाही, चवडा जमिनीला घासतो. स्वतः रुग्णाच्या हे ध्यानात येतं ते बहुधा ठेच लागल्यावर.

रोशे कंपनीच्या ‘फ्लडलाइट’ ॲपमध्ये दोन मिनिटं चालणं, वळून परत येणं, उभ्याने तोल सांभाळणं अशा चाचण्या आहेत. हातासाठीची चाचणी गमतीची आहे: पडद्यावरचे टोमॅटो चिमटीत पकडून फोडायचे. मोजमापाची सोय झाली. ते व्यायामात उतरवणं मात्र फिजिओथेरपिस्टचं काम. चाल पाचव्या मिनिटाला विस्कटत असेल, तर चौथ्याला बसायचं. सलग सहा मिनिटांऐवजी दोन-दोन मिनिटांचे तीन टप्पे, मध्ये विश्रांती, असं केलं तर दमणूक कमी होते, असं या रुग्णांत दिसून आलं आहे. विदर्भातल्या मे महिन्यात तर चालायची वेळ पहाटेचीच हवी.

फोनवर डोळे मिटून विसंबू नये. फार सावकाश, पाय ओढत चालणाऱ्याची पावलं तो मोजायची चुकवतो. आज फोन खिशात, उद्या पर्समध्ये, अशा नोंदींची तुलना व्यर्थ. नाडीच्या ठोक्यांवरही सगळा भार टाकता येत नाही, कारण काही रुग्णांत हृदयाची गती श्रमाच्या प्रमाणात वाढतच नाही. म्हणून स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांची जुनी पट्टी अजून टिकून आहे: किती दम लागला, ते रुग्णालाच आकड्यात विचारायचं.

व्यायामानंतर धूसर झालेली नजर किंवा जड झालेला पाय अंग थंडावलं की सहसा पूर्ववत होतो. ताप नसताना तोच त्रास चोवीस तासांवर टिकला, तर ॲप बाजूला ठेवून न्यूरोलॉजिस्टला फोन लावावा.