वंडर, स्टीव्ही

वंडर, स्टीव्ही : (१३ मे १९५०–    ). विख्यात अमेरिकन गायक, गीतकार, संगीतरचनाकार व बहुवाद्यवादक. मूळ नाव स्टीव्हलंड हार्डअवे जडकिन्स. पुढे मॉरिस हे आडनाव. पॉप संगीताच्या क्षेत्रात बालवयात नावारूपास आलेले बहुसंख्य गायक तारुण्यात मागे पडलेले दिसतात. वयाच्या तेराव्या वर्षी अग्रस्थान मिळवून प्रौढपणी त्याहून मोठी कीर्ती संपादन करणारा कलावंत म्हणून वंडरचे उदाहरण विशेष लक्षणीय आहे.

मिशिगन राज्यातील सॅगिनॉ येथे एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात त्याचा जन्म झाला. जन्म मुदतीपूर्वी झाल्यामुळे त्यास काचेच्या पेटीत ठेवण्यात आले. तेथील अतिरिक्त प्राणवायूमुळे दृष्टिपटलांस इजा होऊन अर्भकावस्थेतच तो अंध झाला. तो चार वर्षांचा असताना कुटुंब डिट्रॉइट येथे स्थायिक झाले. पियानो, माउथ ऑर्गन व ड्रम ही वाद्ये त्याने लहानपणीच आत्मसात केली. चर्चच्या गायकवृंदातही तो गात असे. ‘मिरॅकल्स’ या गायकसंघातील रॉनी व्हाइट याने त्यास ‘मोटाउन’ या ध्वनिमुद्रिका-निर्मितिसंस्थेत नेले आणि १९६१ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, संस्थेने त्याच्याशी करार केला.

मोटाउनचा संस्थापक बेरी गॉर्डी पूर्वी मोटारींच्या कारखान्यात काम करीत असे. तेथील जुळणीच्या साखळीप्रमाणेच त्याने संस्थेची रचना केली होती. गीते संस्थेच्या गीतकारांनी लिहावयाची, वाद्यसाथ संस्थेच्या वादकांनी करावयाची, कोणती मुद्रिका बाजारात आणावयाची हे बैठकीत ठरावयाचे, अशी ही पद्धती होती. गायकांस उठण्याबसण्याचे व बोलण्याचे शिक्षणही दिले जाई. या व्यवस्थेत स्वतःच्या कलेविषयी निर्णय घेण्यास गायकाला फारसा वाव नसे. अज्ञान मुलास तर तो नव्हताच. वंडरच्या उत्पन्नाचा मोठा भाग तो सज्ञान होईपर्यंत न्यासात ठेवण्यात आला होता.

संस्थेने त्यास ‘लिट्ल स्टीव्ही वंडर’ हे नाव दिले व अंध गायक रे चार्ल्स याच्या गीतांची मुद्रिका त्याच्याकडून करवून घेतली. तिला फारसे यश लाभले नाही. शिकागोच्या रीगल नाट्यगृहात १९६२ साली झालेल्या कार्यक्रमात प्रत्यक्ष मुद्रित केलेले ‘फिंगरटिप्स’ हे गीत मात्र ऑगस्ट १९६३ मध्ये बिलबोर्ड साप्ताहिकाच्या लोकप्रियता-यादीत प्रथम क्रमांकावर पोहोचले. कार्यक्रम संपवून निघालेला हा मुलगा पुन्हा परत येऊन गाऊ लागतो आणि त्याच्यानंतरच्या गायकासाठी येऊन बसलेला वादक स्वर कोणता, असे गोंधळून ओरडून विचारतो, हेही त्या मुद्रणात ऐकू येते. श्रोत्यांना भावला तो हाच अनावर उत्साह.

या यशातच पुढील संकटाचे बीज होते. श्रोत्यांना आकर्षण होते ते अंध बालकाच्या नवलाचे, आणि बालपण टिकणारे नव्हते. लवकरच त्याचा आवाज फुटला. १९६४ मध्ये नावातील ‘लिट्ल’ हा शब्द गळला. समुद्रकिनाऱ्यावरील मौजमजेच्या हलक्याफुलक्या चित्रपटांतही त्यास झळकविण्यात आले. परंतु मोठे यश हुलकावणी देत राहिले आणि त्याचा करार संपवावा काय, याचा विचार संस्थेत होऊ लागला. अशा प्रसंगी काय घडू शकते, याचे उदाहरण ताजे होते. १९५६ मध्ये तेराव्या वर्षी लोकप्रिय झालेला न्यूयॉर्कचा गायक फ्रँकी लायमन आवाज बदलल्यानंतर विस्मृतीत गेला व अमली पदार्थांच्या आहारी जाऊन १९६८ मध्ये वयाच्या २५ व्या वर्षी मरण पावला.

वंडरला तारले ते त्याच्या रचनाक्षमतेने. संस्थेतील गीतकार सिल्व्हिया मॉय हिने त्यास आणखी एक संधी द्यावी असा आग्रह धरला. त्याच्याजवळील स्वररचनेच्या तुकड्यांतून मॉय व हेन्री कॉस्बी यांच्या साहाय्याने ‘अपटाइट’ (१९६५) हे गीत सिद्ध झाले. ते अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. केवळ गायक असलेला मुलगा येथून रचनाकार झाला. इतर गायकांसाठीही तो रचना करू लागला. लॅन्सिंग येथील अंधशाळेतील शिक्षण त्याने १९६८ मध्ये पूर्ण केले.

१३ मे १९७१ रोजी तो २१ वर्षांचा झाला. त्या काळी मिशिगनमध्ये सज्ञानतेचे वय हेच होते. जुना करार संपला व न्यासातील सु. १० लक्ष डॉलर त्याच्या हाती आले. नव्या कराराची घाई न करता तो न्यूयॉर्कला गेला आणि रॉबर्ट मार्गूलेफ व माल्कम सेसिल या तंत्रज्ञांसमवेत स्वखर्चाने मुद्रण करू लागला. त्यांच्या प्रचंड सिंथेसायझरमुळे एकट्याने अनेक वाद्यांचा मेळ साधणे त्यास शक्य झाले. त्यानंतरच मोटाउनशी त्याचा नवा करार झाला; त्यात वाढीव मानधन, गीतांच्या प्रकाशनहक्कांत वाटा व निर्मितीवर नियंत्रण त्यास मिळाले.

या स्वातंत्र्याचे फळ लवकरच दिसले. ‘टॉकिंग बुक’ (१९७२) या दीर्घमुद्रिकेतील ‘सुपरस्टिशन’ हे गीत १९७३ च्या आरंभी प्रथम क्रमांकावर गेले. दहा वर्षांपूर्वी बालक म्हणून मिळविलेले स्थान आता त्यास पुन्हा लाभले. ऑगस्ट १९७३ मधील भीषण मोटार-अपघातानंतर तो काही दिवस बेशुद्ध होता. तथापि त्यातून तो बरा झाला. ‘इनरव्हिजन्स’ (१९७३), ‘फुलफिलिंगनेस फर्स्ट फिनाले’ (१९७४) व ‘साँग्ज इन द की ऑफ लाइफ’ (१९७६) या लागोपाठच्या तीन दीर्घमुद्रिकांना वर्षातील सर्वोत्कृष्ट दीर्घमुद्रिकेचे ग्रॅमी पारितोषिक लाभले. प्रेमगीतांबरोबरच वर्णभेद, शहरी दारिद्र्य व राजकीय अप्रामाणिकपणा हे विषय त्याने हाताळले. मार्टिन ल्यूथर किंग यांचा जन्मदिन राष्ट्रीय सुटी व्हावा यासाठी त्याने गीत रचले व १९८१ मध्ये वॉशिंग्टन येथे मेळावा घेतला. तत्संबंधीचा कायदा १९८३ मध्ये झाला आणि १९८६ पासून ही सुटी पाळली जाऊ लागली. ‘द वूमन इन रेड’ (१९८४) या चित्रपटातील गीतासाठी त्यास ऑस्कर पारितोषिक मिळाले. २०१४ मध्ये राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदकही त्यास प्रदान करण्यात आले.

वंडरच्या ज्या १९७४ सालच्या गीतात ‘जॅक्सन फाइव्ह’ या बालगायकांच्या संघाने साथ दिली, त्यानंतर अल्पावधीतच त्या संघातील बहुतेक भावंडांनीही निर्मितीत स्वातंत्र्य हवे म्हणून मोटाउन सोडले. मायकेल जॅक्सनची प्रौढ कीर्ती त्यानंतरची होय. बालवयातील यशाचा लाभ व्यवस्थेला होतो. ते प्रौढपणी टिकावयाचे, तर कलावंतास स्वतःच्या कलेचा धनी व्हावे लागते, हे या दोन्ही उदाहरणांवरून स्पष्ट होते. गुणवत्ता असलेली मुले अनेक होती; योग्य वेळी स्वतःच्या निर्मितीवर हक्क सांगण्याची संधी व जाण मात्र थोड्यांनाच लाभली. वंडर त्यांत अग्रगण्य होय.